मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जेन्ट्री (सरदारांखालच्या जमीनदार) घराण्याचा माग मॅनरच्या जमीन-दप्तरातून कसा काढावा?

तुमच्या हाती एक आडनाव आहे, एका गावाचं नाव आहे आणि थेट १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द काँकररच्या सोबत्यापर्यंत पोचणारी इंटरनेटवरची वंशावळ आहे. १३०० ते १५०० मधल्या पिढ्या कागदोपत्री सिद्ध करायच्या आहेत. त्यासाठी ती वंशावळ तूर्त बाजूला ठेवा आणि आडनावाऐवजी मॅनर, म्हणजे एका मालकाची जमीनदारी, धरा. एकच आडनाव काउंटीत (जिल्ह्यात) चार घराण्यांचं असतं आणि मुलांची नावं पिढ्यान्‌पिढ्या जॉन, विल्यम, थॉमस हीच. जमीन मात्र जागची हलत नाही. ती कोणाकडून कोणाकडे गेली हे लिहून ठेवण्यात राजा, वरचा सरदार आणि वारस या तिघांचाही पैसा गुंतलेला होता.

गाव म्हणजे मॅनर नव्हे. एका गावात तीन मॅनर असू शकतात आणि एक मॅनर तीन गावांत पसरलेलं असू शकतं. म्हणून आधी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावरचं मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर उघडा. गावाचं नाव टाकलं की तिथली मॅनर कोणती, कुठल्या सालची कागदपत्रं उरली आहेत आणि ती कुठल्या दप्तरखान्यात आहेत, हे कळतं. त्याच्या जोडीला व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या काउंटीवार इतिहासमालेतला त्या गावाचा भाग वाचा. मॅनर कोणाकडून कोणाकडे गेलं हे तिथे पिढीवार दिलेलं असतं. मात्र सगळ्या काउंट्यांचं काम झालेलं नाही. नॉरफोकचे गाववार खंड निघालेलेच नाहीत.

आता बहुतेक जण इथे चुकतात: ते लगेच मॅनरच्या कोर्ट रोलवर, म्हणजे मॅनरच्या न्यायसभेच्या नोंदींवर, तुटून पडतात. कोर्ट रोलमध्ये कुळांची नावं ढिगाने मिळतात, कारण कूळ मेलं की वारसाची नोंद आपल्या फेरफारासारखी तिथेच व्हायची. मालकाचं नाव मात्र फक्त मथळ्यात येतं. ‘प्रीमा कुरिया’, म्हणजे अमक्याचं पहिलं कोर्ट, असा मथळा दिसला की मालक बदलला असं समजा. मागच्या मालकाचा मृत्यू किंवा विक्री त्याच्या थोडी आधी शोधायची. तुमचं घराणं अजून जेन्ट्रीत चढलेलं नसेल, तर शेजारच्या मॅनरच्या रोलमध्ये ते मुक्त कूळ म्हणून सापडेल. तिथे गैरहजेरीची सबब कळवणाऱ्यांची यादी पाहा. अमुक तारखेला माणूस जिवंत होता, एवढं तरी त्यातून पक्कं होतं.

मालक घराण्यासाठी खरा आधार मृत्यूनंतरच्या चौकशीचा, म्हणजे इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेमचा. सुमारे १२३६ पासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही मालिका आहे. थेट राजाकडून जमीन धारण करणारा मेला की एस्चीटर हा अधिकारी स्थानिक ज्युरी बसवून विचारायचा: कोणती जमीन, कोणाकडून, कुठल्या सेवेच्या बदल्यात, उत्पन्न किती, मृत्यू कधी, वारस कोण आणि त्याचं वय काय. एखादा तुकडा जरी थेट राजाचा असला, तरी त्या काउंटीतली बाकी जमीनही यादीत येते. जमीन अनेक काउंट्यांत असेल तर प्रत्येक ठिकाणची चौकशी काढा, कारण मृत्यूच्या तारखा आणि वारसाची वयं एकमेकांशी जुळत नाहीत. ‘तीस वर्षे व अधिक’ म्हणजे फक्त सज्ञान, एवढंच धरा. वारस एकवीसच्या आत असेल तर वयाचा आकडा जास्त भरवशाचा, कारण पालकत्वाचा पैसा त्यावरच ठरायचा. उत्पन्नाचे आकडे मात्र बहुधा कमी करून सांगितलेले असतात.

घराणं थेट राजाचं धारक नसेल, तर वरच्या सरदाराची चौकशी काढा. त्यात त्याच्या हाताखालच्या धारकांची नावं असतात. पण जुन्या यादीवरून उतरवल्यामुळे तिथे कित्येकदा दोन पिढ्यांपूर्वी मेलेला माणूस अजून जमीन धरून बसलेला दिसतो.

दुसरा आधार फीट ऑफ फाइन्स. ११९५ पासून खरेदी किंवा कौटुंबिक व्यवस्था पक्की करायला लोक लुटुपुटूचा दावा लावून तडजोड करत. एकाच चर्मपत्रावर तीन प्रती लिहायच्या, नागमोडी कापायच्या आणि तळची प्रत कोर्टाने ठेवायची. १५०९ पर्यंतच्या प्रती नॅशनल आर्काइव्ह्जच्या सीपी २५/१ या मालिकेत आहेत. त्यातली रक्कम अनेकदा ठरावीक साच्यातली असते, तिला बाजारभाव समजू नका. मुलांचा क्रम लावून दिलेली वारस-व्यवस्था मिळाली, तर एका कागदात बायको आणि तीन मुलगे हाती लागतात.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र आडनाव अचानक गायब होतं. घराणं बुडालेलं नसतं. जमीन मित्रांच्या आणि पाद्र्यांच्या नावे विश्वस्त म्हणून केलेली असते, म्हणजे मेल्यावर राजाला हक्क सांगता येत नाही. तेव्हा विश्वस्तांच्या नावांचा तो गटच शोधायचा. १५३६ च्या कायद्याने ही वाट बरीचशी बंद केली.

तारखांचा हिशोब सांभाळा. वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि कागदावर राज्यवर्ष, म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनचं कितवं वर्ष, असायचं. एडवर्ड तिसऱ्याचं वर्ष २५ जानेवारीपासून मोजतात. म्हणून त्याच्या २३ व्या वर्षातली १० फेब्रुवारी त्या काळच्या हिशोबाने १३४८ मधली आणि आपल्या हिशोबाने १३४९ मधली. प्लेगच्या त्या वर्षात बाप आणि मुलगा काही आठवड्यांच्या अंतराने गेलेले सापडतात. एका वर्षाची चूक झाली की मुलगा बापाआधी मेलेला दिसतो.

जुन्या वंशावळीबद्दल नॉरफोकच्या पास्टन घराण्याचं उदाहरण लक्षात ठेवा. विरोधकांच्या टिपणानुसार १४१९ मध्ये वारलेला क्लेमेंट पास्टन साधा नांगरधारी शेतकरी होता आणि त्याची बायको जमिनीला बांधलेल्या बंदी कुळातली. त्याचा मुलगा विल्यम न्यायाधीश झाला आणि त्याने मॅनरं विकत घेतली. १४६६ मध्ये त्याच घराण्याने एडवर्ड चौथ्यापुढे जुनी खतं आणि कोर्ट रोल ठेवून, आम्ही १०६६ च्या नॉर्मन विजयाच्या काळापासूनचे खानदानी, अशी राजाची मोहर मिळवली. त्या खतांवर इतिहासकारांचा विश्वास नाही. १५३० नंतर हेराल्डांनी, म्हणजे कुलचिन्हं तपासणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांनी, काउंटी फिरून टिपलेल्या वंशावळींतही वरच्या पिढ्या घराण्याने सांगितलेल्याच असतात. शेवटच्या दोन-तीन पिढ्या घ्या, त्यावरचं सगळं तपासायला ठेवा.

नोंदी मॅनरनुसार लावा: तारीख, धारक, वरचा सरदार, बायको, कागदाचा क्रमांक. एकच ‘जॉन’ सत्तर वर्षं मॅनर धरून असेल तर ते दोन जॉन आहेत. विधवेला मिळालेल्या एक तृतीयांश हिश्शाची नोंद त्यांना वेगळं करते. चौकशांचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करा. कोर्ट रोल बहुतेक लॅटिनमध्ये आणि संक्षेपांनी भरलेले असतात. नॅशनल आर्काइव्ह्जचे लॅटिन आणि जुन्या हस्ताक्षराचे मोफत धडे आधी करा. सीपी २५/१ ची छायाचित्रं ह्यूस्टन विद्यापीठाच्या अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, त्यामुळे ते काम पुण्यात किंवा नागपुरात बसूनही होतं. कोर्ट रोलसाठी मात्र बहुतेक वेळा त्या काउंटीच्या दप्तरखान्याला लिहून प्रतिमा मागवाव्या लागतात. पत्रात रजिस्टरमधला क्रमांक आणि सालं नेमकी द्या.