हातमागाचं कापड आजच्या कपड्यांत आणि घरसजावटीत वापरल्याने ती कला खरंच टिकते का?

टिकते, पण मागावर काम सतत चालू राहिलं तरच. एखाद्या प्रदर्शनापुरतं कापड घेऊन पुढच्या वर्षी तोंड फिरवलं, तर विणकराच्या हाती काहीच लागत नाही.

मागाकडे जवळून पाहिलं की कारण कळतं. शेकडो उभे धागे एकेक करून फणीतून ओवायचे, यातच कित्येक दिवस जातात. आडवा धागा नेणारा धोटा त्यानंतर चालतो. म्हणून पाच मीटरची हौशी ऑर्डर विणकराला परवडत नाही. शहाणा डिझायनर ताणा, म्हणजे उभे धागे, तोच ठेवतो आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, बदलतो: बारीक सूत घातलं की कुर्त्याचं कापड, जाड सूत घालून घट्ट ठोकलं की उशीचे अभ्रे. पडद्याला सैल वीण चालते, सोफ्याला मात्र अजिबात नाही. तिथे ती लवकर विरते आणि बदनाम हातमाग होतो!

स्कॉटलंडचं हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड बघा. १९९३च्या कायद्यानुसार ते आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरीच, हाताने विणलेलं असावं लागतं. त्याचेच जॅकेट शिवतात, खुर्च्याही मढवतात. कापड नव्या रूपात गेलं, पण माग घरातून हलला नाही.

मला सगळ्यात जास्त खुपते ती हातमागाच्या नक्षीची छापील नक्कल. तिच्यात नक्षी दिसते, पण विणकराला एक दिवसाचंही काम मिळत नाही. घेताना कापड उलटून बघा. छापील नक्षी मागच्या बाजूला बहुतेक वेळा फिकी दिसते.