आधी पाणी विचार

सांगली, गावभाग
रविवार, रात्री उशिरा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी तू आमच्या जिन्यात बसून रडलीस आणि मी तुला नुसता चहा पाजून घरी पाठवलं. तेव्हा बोलले असते तर रागावूनच बोलले असते, म्हणून गप्प बसले. आता जेवणं झालीत, भांडी घासून झालीत, पण तुझ्या मोबाइलमधला तो तक्ता काही डोळ्यांपुढून जात नाही. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद. तिन्हीकडं कंपनीची ऑफिसं, आणि कुठलं हवं ते शुक्रवारपर्यंत कळवायचं. अकरा रकाने आखलेस. भाडं, हवा, ऑफिसचं अंतर, सांगलीला यायला लागणारा वेळ, मैत्रिणी किती, जेवण कसलं. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज केलीस तर तिन्ही शहरं एका-दोन गुणांनी मागंपुढं. मग गुण बदललेस, परत बेरीज केलीस, परत बदललेस.

त्या अकरा रकान्यांत पाण्याचा रकाना नाही. सांगलीच्या पोरीच्या तक्त्यात नाही!

२०१९ च्या ऑगस्टात तू दहावीत होतीस. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आपल्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. तुम्ही सगळे आमच्या माडीवर दोन रात्री काढल्यात, तुझी सायकल, तुझी दप्तरं आणि तुमचा गॅसचा सिलिंडर घेऊन. तिसऱ्या दिवशी बोट आली. चहूकडं पाणी आणि घरात प्यायला तीन बाटल्या, त्यातली एक तू तुझ्या आजीसाठी बाजूला ठेवली होतीस. त्याच्या तीन वर्षं आधी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरज स्टेशनात लातूरला निघालेली पाण्याची रेल्वे बघायला मी तुला घेऊन गेले होते. १० डब्यांत ५ लाख लिटर कृष्णेचं पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. तू विचारलं होतंस, "काकू, लातूरचं स्वतःचं पाणी कुठं गेलं?" बारा वर्षांच्या पोरीनं विचारलेला तो प्रश्न इंजिनियर झाल्यावर तुझ्या तक्त्यातून कसा काय निसटला?

बेंगळुरूच्या हवेला तू दहापैकी नऊ दिलेस. मीही एकदा हवेला नऊ दिले होते. ही गोष्ट तुझ्या आईला थोडी माहीत आहे, तुला मी कधी सांगितली नाही.

जानेवारी २००३ ला माझी बदली चेन्नईला झाली. जानेवारीतलं चेन्नई तू बघ एकदा. संध्याकाळी समुद्रावरून वारा, दारादारांत पोंगलच्या रांगोळ्या. दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं, बाल्कनीला कडुनिंब टेकलेला. माझ्या आईला तो कडुनिंब बघूनच घर पसंत पडलं. मी घरमालकाला भाडं विचारलं, अनामत विचारली, बँक किती लांब ते विचारलं. पाण्याचं विचारल्यासारखं केलं. तो म्हणाला, "तण्णी प्रॉब्लेम इल्लै," म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही, आणि मी मान डोलावली. त्या गावाचा आदला पावसाळा कोरडा गेला होता, आणि तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, म्हणजे जे यायचं ते येऊन गेलं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आले. खरं हे, की मी कुणाला विचारलं नाही.

मार्च उजाडेपर्यंत नळ फुसफुसायला लागले. मग लॉरी. तिथं टँकरला लॉरी म्हणतात. तिचा भोंगा वाजला की इमारतीतल्या बायका हातात येईल तो कुडम घेऊन खाली धावायच्या. कुडम म्हणजे प्लास्टिकची कळशी, हिरवी, निळी, लाल. आमची हिरवी होती. ३१ मार्चला मी शाखेत हिशेबाच्या गठ्ठ्यात बसलेले. लॉरी दुपारी दोनला आली. आईला अडुसष्ट वर्षं, तमिळचं एक अक्षर येत नाही. शेजारणीच्या मागं ती खाली गेली, रांगेत उभी राहिली, कुडम भरून काखेत घेतला आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर घसरली. खुबा मोडला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिनं मला पहिलं काय विचारलं सांगू? "कुडम फुटला नाही ना गं?"

तो फुटला नव्हता. अजून आहे माझ्याकडं, गच्चीत तुळशीला पाणी घालायला. तू कितीदा तरी हातात घेतला आहेस.

आणि पोरी, कृष्णेचं पाणी चेन्नईला द्यायचा करार फार जुना आहे. तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातलं ५-५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) द्यायचं, त्यात आपलं महाराष्ट्रही आहे. १९९६ पासून ते पाणी श्रीशैलमकडून कालव्यानं तिकडं जातं. कागदावर माझ्या माहेरची नदी माझ्या नळापर्यंत येणार होती. त्या वर्षी नाही आली. म्हणून सांगते, शहराला पाणी आहे यावर कधी विसंबू नकोस. तुझ्या नळाला आहे का? ते येतं कुठून आणि जातं कुठं? येणारं पाणी तुझा उन्हाळा ठरवतं, जाणारं पाणी तुझा पावसाळा. पगार, मैत्रिणी, मेट्रो, सगळं ह्याच्या नंतर.

आता तुझ्या तीन शहरांकडं बघू.

बेंगळुरू ९०० मीटरच्या वर बसलंय आणि पायथ्याशी मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवून आणतात. जुन्या वस्त्यांना ते बऱ्यापैकी मिळतं. तुझं ऑफिस आहे त्या पूर्वेकडच्या भागानं मात्र वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरवर दिवस काढले. २०२४ च्या मार्चमध्ये बोअर आटले तेव्हा तिथल्या मोठमोठ्या सोसायट्यांना पाणी मोजून वापरावं लागलं. त्याच ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, खास बाहेरच्या ११० गावांसाठी. चांगली गोष्ट आहे. पण तू बघशील त्या इमारतीला त्याची जोडणी आहे का, हे त्या इमारतीतच विचारावं लागेल. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच भागातले लोक ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेले होते. तिथं तलावांची साखळी होती, एक भरला की पाणी खालच्या तलावात. मधले ओढे बुजवून इमारती उठल्या, मग पाण्यानं जायचं कुठून?

हैदराबादला तू हवेचे चार गुण दिलेस. उन्हाळा कडक आहे, खरं आहे. पण त्या शहरानं एकदा जबर मार खाल्लाय. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला पूर आला, हजारो माणसं गेली. मग विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि त्यातून उस्मानसागर झाला, १९२० मध्ये. तिथले लोक त्याला गंडीपेट म्हणतात. पाठोपाठ १९२७ ला हिमायतसागर. एकाच बांधकामात पूर अडवायचा आणि प्यायलाही साठवायचं. पुढं शहर वाढलं तसं नागार्जुनसागरातून कृष्णा आणली, नंतर गोदावरी. म्हणजे आयर्विन पुलाखालून गेलेलं पाणी आलमट्टी, श्रीशैलम करत तिथल्या नळाला पोचतं. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये कित्येक वस्त्यांत घरात पाणी शिरलं, कारण तलावांच्या पोटातच घरं बांधलेली. मी तिथं चार वर्षं काढली. उन्हाळ्यात डोकं तापायचं, पण बादली भरलेली असायची.

पुणं तुझ्या बाबांना हवंय. "पुणं आपलंच," म्हणतात. पोरी, आपलं म्हणून पाणी कमी-जास्त होत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेही पुणंच. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोक पहाटे अंथरुणातून उठून पाण्यात उतरले, तेही पुणंच. चार धरणं उशाला असून कडेच्या नव्या सोसायट्या टँकर मागवतात. बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय, तू रात्री निघून सकाळी घरी पोचावीस एवढंच त्यांना हवंय. तर बेंगळुरूहून रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरलीस की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिरजेला पोचशील, हैदराबादहून सोलापूरमार्गे रात्रीच्या बस आहेत. ह्या एका रकान्यावर पुण्याला दहा देऊ नकोस.

तू म्हणशील, काकू, मी एकटी, मला दोन बादल्या पुरतात. हेच मला नको आहे! दोन बादल्यांत भागवायला तू शिकशीलच, चेन्नईत मीही शिकले होते. पण दिवाळीनंतर तुझी आई पंधरा दिवस राहायला येईल. तू ऑफिसात असशील आणि दुपारी दोनला टँकर येईल. जिना कोण चढणार?

म्हणून शहर पसंत करण्याआधी घरं बघ, आणि दलालाबरोबर जाऊ नकोस. एकटी जा, साध्या दिवशी, सकाळी सहाला. बरेच टँकर त्याच वेळी येतात. वॉचमनला विचार, दूधवाल्याला विचार, तळमजल्यावर इस्त्री करणाऱ्याला विचार. त्यांना खोटं बोलून काही मिळत नाही. सोसायटीची मेंटेनन्सची पावती माग, त्यात टँकरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो, आणि एप्रिल-मेची पावती दाखवायला कुणी का-कू करत असेल तर तिथून निघ. नळाच्या तोटीवर पांढरा थर बघ, तो बोअरचा. तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर ओलीची आडवी रेघ आहे का बघ. आपल्या गल्लीत ती रेघ कशी दिसते हे तुला सांगायला नको.

आता तुझ्या मनातलं मीच बोलते, कारण माझा भाचाही परवा हेच बोलला. एवढं पाणी-पाणी करणारी बाई गावभागात कशाला राहते?

आईच्या खुब्यानंतर मी स्वतः मागून सांगलीला बदली घेतली आणि त्यासाठी प्रमोशन सोडलं. बरोबरीचे पुढं गेले, मोठ्या गाड्यांतून निवृत्त झाले. ते म्हणतात, घाबरून परत गेली. मी घाबरून नाही आले. मला अशा ठिकाणी राहायचं होतं जिथलं पाणी मला ओळखीचं आहे. पुलाजवळ पातळी पन्नास ओलांडते तेव्हा माझी पहिली पायरी बुडते. कोयनेचे दरवाजे उघडले की मी तांदूळ माडीवर नेते. हरिपूरला वारणेनं फुगवटा धरला की उतार लांबतो, तेव्हा मेणबत्त्या जास्त आणते. २००५ बघितलं, २०१९ बघितलं, २०२१ बघितलं. दरवेळी गाळ काढला, आणि गाळ काढताना कंबर गेली हेही खरं. पण आईनं शेवटची पाच वर्षं ह्या घरात स्वतःच्या हातानं नळाखाली तांब्या धरला, आणि तिला कुणापुढं रांग लावावी लागली नाही. भाचा विक म्हणतो. नाही विकणार.

हे सगळं लिहून मी परत वाचलं. निम्मं पत्र माझंच झालंय, आणि तुला शुक्रवारी उत्तर द्यायचंय. तर असं कर. मंगळवार ते गुरुवार रजा टाक. उद्या रात्रीच्या बसनं हैदराबादला जा, मंगळवारी पहाटे ऑफिसच्या आसपासच्या तीन इमारती बघ, दुपारी वेळ काढून गंडीपेटच्या बांधावर जाऊन ये. तिथून बेंगळुरूची रात्रीची गाडी धर, बुधवारी तेच तिथं कर आणि रात्री राणी चन्नम्मात बस, गुरुवारी दुपारपर्यंत मिरजेत. पैसे कमी पडले तर आईकडं मागू नकोस, माझ्याकडून घेऊन जा. पुण्याच्या सोसायटीची पावती तुझा मामेभाऊ काढून देईल, त्याला आत्ताच फोन कर.

गुरुवारी संध्याकाळी तक्ता घेऊन माडीवर ये. बारावा रकाना भरून.

तुझी,
समोरची काकू

ता. क. हैदराबादेत हिंदी चालते, पण इस्त्रीवाल्या आजीबाईंना तेलुगूत विचारलंस तर त्या खरं सांगतील: "नीळ्ळु एक्कडिनुंचि वस्तायि?" आणि बेंगळुरूत: "नीरु एल्लिंद बरुत्ते?" दोन्हीचा अर्थ एकच, पाणी कुठून येतं. बसमध्ये पाठ कर.