चिरकाचं घरटं बघायला निघालास तर

भाऊ, चिरक (इंडियन रॉबिन) म्हणून तू दाखवलास तो फोटो चिरकाचा नाही, थिरथिऱ्या (ब्लॅक रेडस्टार्ट) या दुसऱ्याच पक्ष्याचा आहे. पोट नारंगी अन् शेपूट सारखी थरथरती, हा हिवाळी पाहुणा, मार्च-एप्रिलात उत्तरेकडं निघतो. चिरक इथलाच, बारमाही. नर काळा, खांद्याला पांढरा पट्टा, शेपटी बहुतेक वेळा उभी अन् तिच्या खालीच तेवढा तांबूस रंग, मादी मातकट.

उन्हाळा लागला की बांधावरचे दगड, जुन्या विहिरीचं बांधकाम, शेतातल्या आखाड्याच्या मातीच्या भिंतीतली भोकं इकडं लक्ष ठेव, पण भोकाभोकात टॉर्च मारत फिरू नको प्लीज. लांब लिंबाखाली बसायचं, दुर्बीण असली तर बेस्ट, नसली तरी भागतं. मादीच्या चोचीत काडी नाहीतर केस दिसला की ती कुठं शिरते तेवढं बघ, पुढं अळ्या-किडे यायला लागले म्हणजे पिल्लं निघाली. अन् किडा चोचीत धरून ती दगडावर नुसतीच अस्वस्थ बसून राहिली, आत जाईनाच, तर तू फार जवळ बसलायस, उठ अन् मागं सरक. घरट्याचा क्लोजअप तर विसरच, कावळे आपल्यावरच नजर ठेवून असतात, आपण जवळ गेलो की त्यांना घरटं सापडतं. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत उरकायचं, नंतर आपल्या उन्हात पक्षी पण सावली धरतात.