पत्रं तुमची, तिजोरी विक्रेत्याची

गांधीजींचं पोस्टकार्ड घ्यावं की नेहरूंची सही असलेलं टंकलिखित पत्र, असं तुम्ही विचारलंय. मुदत ठेव मोडून सहा लाख तयार ठेवलेत. माझं उत्तर : दोन्ही नको. पण मला धसका बसला तो तुमच्या शेवटच्या ओळींनी. आधीची तीन पत्रं चौदा लाखांना घेतली, ती विक्रेत्याच्याच तिजोरीत आहेत आणि पाच वर्षांनी तो ती वर्षाला १२ टक्के वाढ देऊन परत घेणार आहे!

याला मी संग्रह म्हणणार नाही. तुम्ही त्या माणसाला चौदा लाख बिनतारण उसने दिलेत.

हिशोब बघा. चौदाचे पाच वर्षांत पावणेपंचवीस लाख व्हायला हवेत. लिलावात घेणाऱ्याने शंभर मोजले, तर दोन्हीकडचं कमिशन जाऊन विकणाऱ्याला पंचाहत्तरच्या आसपास मिळतात असं धरा. म्हणजे कुणीतरी तेहतीस लाख द्यायला हवेत; वर्षाला १९ टक्के वाढ झाली. एवढी खात्री असती तर त्याने ती पत्रं विकली कशाला असती?

फ्रान्समध्ये आरिस्टोफिल कंपनीने हेच केलं. नामवंतांची हस्तलिखितं, त्यांत गुंतवणूकदारांना विकलेले वाटे, वर्षाला आठेक टक्के परताव्याची आशा. २०१४ मध्ये छापे पडले, तेव्हा सुमारे १८ हजार गुंतवणूकदार अडकले होते. कागद खरे असूनही भाव फुगवलेले असले की पैसा बुडतो.

याच आठवड्यात मूळ पत्रं लेखी मागा आणि स्वतः ताब्यात घ्या. टाळाटाळ झाली तर पावती आणि परतखरेदीचा करार घेऊन वकिलाकडे जा; अनियंत्रित ठेव योजनांवरच्या २०१९ च्या बंदी कायद्यात हा व्यवहार बसतो का, ते विचारा. विक्रेत्याला परवानाही दाखवायला सांगा. ७५ वर्षांहून जुना ऐतिहासिक कागद १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो आणि त्याच्या धंद्याला परवाना लागतो. असा कागद खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा मुलामार्फत लंडनच्या लिलावात विकायचा बेत तुम्ही लिहिलाय, तोही सोडा.

अस्सलपणाचा दाखलाही विक्रेत्यानेच दिलाय. तो चालणार नाही. गांधीजींची कितीतरी पत्रं महादेवभाई देसाई किंवा प्यारेलाल या त्यांच्या सचिवांच्या हातची आहेत, खाली सही तेवढी बापूंची. मजकूर कुणाच्या हातचा, यावर भाव खूप बदलतो. पत्रं हाती आली की त्या विक्रेत्याशी संबंध नसलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञाला दाखवा.

आणि ठेव मोडू नका. तुम्हा दोघांच्या दवाखान्याच्या खर्चासाठी तेवढेच सहा लाख आहेत, असं तुम्हीच लिहिलंय.