डुक्कर फियाट घ्यायची, पण विकणारा मालक आहे का?

प्रश्न: मी इंदिरानगरला राहतो, सातपूरला नोकरी करतो, वय 46. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात 1959 ची डुक्कर फियाट वीसेक वर्षं उभी आहे. मालक वारले, मुलगा 1 लाख 80 हजारांना द्यायला तयार आहे. आरसी बुक सापडत नाही, फाटकं टीसी बुक (गाडीच्या कराच्या नोंदींचं पुस्तक) आहे. एजंट म्हणतो, होऊन जाईल. मेकॅनिकने तीन लाखांचा खर्च सांगितलाय. 6 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय, तीच माझी शिल्लक. घरचा खर्च आणि हप्ता धरून महिन्याला पन्नास हजार लागतात. गाडी घेऊ का? पुढे किंमत वाढेलच ना?

उत्तर: माझं घोडं त्या ‘होऊन जाईल’पाशीच अडलंय.

आरटीओच्या लेखी ही गाडी अजून वडिलांचीच आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यांची पत्नी, सगळे मुलगे आणि मुली यांचा तिच्यावर सारखा हक्क. म्हणजे मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि फॉर्म 31 भरून मुलाने ती आधी स्वतःच्या नावावर करायची, मग फॉर्म 29 आणि 30 वर तुमच्या. हे काम त्याचं आहे, ते अंगावर घेऊ नका. मी घेतलं होतं. एका जुन्या स्कूटरसाठी सगळे पैसे मोजले आणि नंतर कळलं की परगावच्या बहिणीला सही करायची नाही. ती स्कूटर आजही आमच्या जिन्याखाली धूळ खात पडलीय.

आरसी बुक हरवल्याची पोलिसांत नोंद करून फॉर्म 26 वर दुसरी प्रत मागता येते, पण त्यासाठी मूळ नोंद सापडायला हवी. नंबर ‘एमएच’च्या आधीच्या काळातला, म्हणजे नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये. टीसी बुक घेऊन पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात स्वतः जा आणि नोंद मिळते का ते विचारा. गाडी मूळची मुंबईची निघाली तर तिथून एनओसी आणावी लागेल, त्या फेऱ्या वेगळ्या.

वाड्यात गेलात की बॉनेट उघडा. तारेच्या ब्रशने गंज काढा, चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा. इंजिन नंबरचंही तसंच. उमटलेले आकडे टीसी बुकाशी एकेक करून जुळवा. या फियाटींना पुढे प्रीमियर पद्मिनी गाडीचं, नाहीतर चक्क डिझेलचं इंजिन बसवलेलं सर्रास दिसतं. तसं निघालं तर व्हिंटेज नोंदणी अवघड, कारण 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही.

व्हिंटेज नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. मात्र या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच ती रस्त्यावर काढायची. दर रविवारी बायको-मुलांना घेऊन त्र्यंबकला जायचं मनात असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा. त्यात तपासणी, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर आला.

किंमत वाढेल या हिशेबाने मात्र घेऊ नका. वाढली तरी नफ्यावर कर बसू शकतो. 1983 मध्ये 20,000 ला घेतलेली 1931 ची फोर्ड टूरर पुढे 21 लाखांना विकली गेली. नफा करमुक्त धरावा, गाडी वैयक्तिक वापराची होती, असं मालकाचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते मानलं नाही: वापरता येण्याजोगी असणं पुरेसं नाही, खरोखर वापरल्याचा पुरावा हवा. आता गंमत बघा. व्हिंटेज नोंदणी सांगते फार फिरवू नका, आणि कर वाचवायचा तर फिरवल्याचा पुरावा ठेवा!

आता तुमची एफडी. सहा महिन्यांचे 3 लाख बाजूला, त्यांना हात नाही. उरले 3. मेकॅनिकचा आकडा गाडी उघडल्यावर वाढतोच, माझ्या पाहण्यात कमी झालेला एकही नाही. तेव्हा गाडी आणि कागद एवढंच या 3 लाखांत बसवा, दुरुस्ती पगारातून दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने करा. पर्सनल लोन नको. दहा हजार इसार चेकने द्या, मुद्रांकावर लिहून घ्या की बाकी रक्कम गाडी तुमच्या नावावर झाल्यावर आणि अमुक तारखेपर्यंत तसं झालं नाही तर इसार परत. त्याला हे मान्य नसेल तर तुम्ही 1 लाख 80 हजारांत फक्त पत्रा विकत घेताय, आणि पत्र्याचा भाव भंगारवाला सांगेल.

मुलाला बहिणी किती आणि त्या कुठे असतात, एवढं मात्र आजच विचारून घ्या.