ब्रेक दाबला की पिकअप थरथरते?

आधी एवढं बघ: थरथर ब्रेक दाबल्यावरच येते, की नुसत्या 80 च्या वेगालाही? तशीच येत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग कर, ब्रेक खोलू नकोस. ब्रेक दाबताना स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची डिस्क. सीटखालून हादरे आले तर मागचे ड्रम. मेकॅनिक म्हणेल 'डिस्क वाकली', पण बऱ्याचदा तिची जाडी जागोजाग कमी-जास्त झालेली असते. आपली कोकणातली हवा खारी, त्यात पावसाळ्यात गाडी उभी. पॅडखाली गंज धरतोच. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना अडकल्यात का, तेही तपासून घे. टर्निंगआधी (लेथवर डिस्क घासून सपाट करण्याआधी) जाडी मोजायला लाव, किमान माप बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. आणि कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नकोस रे, खालच्या गिअरात उतर.