विम या टेक्स्ट एडिटरमध्ये इंडेंटेशन (ओळी आत सरकवणं) लावताना

टॅबस्टॉपला हात लावू नका, ८ च राहू द्या. फाइलमधला टॅब पडद्यावर किती रुंद दिसेल एवढंच तो ठरवतो. तो ४ केलात की टॅब-स्पेसची खिचडी असलेला कोड तुमच्याकडे सरळ आणि दुसऱ्याकडे वाकडातिकडा दिसेल.

पायथॉनसाठी शिफ्टविड्थ ४, सॉफ्टटॅबस्टॉप ४ आणि एक्स्पांडटॅब चालू. पहिलं ओळ आत-बाहेर सरकवण्याचं माप, दुसरं टॅब आणि बॅकस्पेस दाबल्यावरचं, तिसऱ्यामुळे टॅबऐवजी स्पेस पडतात. पेप ८ या पायथॉनच्या अधिकृत शैली-मार्गदर्शकाची शिफारसही चार स्पेसचीच आहे. खरं तर हे हाताने लिहायची गरज नाही. विमआरसीत (विमच्या सेटिंग्जच्या फाइलीत) 'फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन' एवढी ओळ टाका, पायथॉनच्या फाइलला हे आपोआप लागतं. (स्वतःची विमआरसी केली की विम आपली डिफॉल्ट फाइल वाचत नाही, म्हणून ही ओळ विसरू नका.)

एक्स्पांडटॅब सरसकट लावण्यापेक्षा हे बरं, कारण मेकफाइलमध्ये (मेक या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या सूचनांच्या फाइलीत) आज्ञेच्या ओळीआधी खराखुरा टॅबच लागतो. स्पेस पडल्या की मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणत अडून बसतं.

जुनी फाइल असेल तर आधी 'सेट लिस्ट' करून टॅब कुठे आहेत ते पाहा, मग रीटॅब ही आज्ञा देऊन त्यांच्या स्पेस करा. मात्र गिटसारख्या साधनात त्याची कमिट (बदलांची नोंद) वेगळी ठेवा, नाहीतर डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत) तुमचा खरा बदल शोधत बसावं लागेल.